वाचकांचे प्रश्न : एक राजकन्या, वीस गाद्या आणि छोटा पडदा

ब्रॉडवेच्या रंगभूमीवरील संगीत-सुखात्मिका अमेरिकी दूरचित्रवाणीवर कशा आल्या, याविषयीच्या मागील अंकातील लेखात ‘वन्स अपॉन अ मॅट्रेस’ या नाटकाचा ओझरता उल्लेख होता. हे एकच नाटक तीन वेळा दूरचित्रवाणीवर आले आणि तिन्ही वेळा कॅरल बर्नेट हीच अभिनेत्री त्यात होती, एवढेच तिथे म्हटले होते. त्यावर आलेली पत्रे पाहता या सदराचा संपूर्ण भाग त्या नाटकालाच देणे योग्य वाटले.

प्रश्न : या नाटकाचे नाव मी प्रथमच वाचले. त्याची कथा काय आहे आणि ते रंगभूमीवर कसे आले, हे सांगाल का? (एक वाचिका, सांगली)

उत्तर : हान्स क्रिश्चन अँडरसन यांची १८३५ साली प्रसिद्ध झालेली वाटाणा आणि राजकन्येची गोष्ट आपल्याकडेही मुलांना ठाऊक आहे. पावसात भिजून आलेली मुलगी खरोखरच राजकन्या आहे की नाही हे पाहण्यासाठी तिच्या अंथरुणात वीस गाद्यांखाली वाटाण्याचा एक दाणा ठेवला जातो आणि तो टोचल्यामुळे तिला रात्रभर झोप येत नाही. मूळ गोष्ट जेमतेम एका पानाची आहे. तिच्यावरून दोन अंकी नाटक उभे करणाऱ्या मंडळींनी एक साधा प्रश्न विचारला : अशी विचित्र परीक्षा घेणारी सासू कशी असेल? त्यातून राणी ॲग्रव्हेन जन्माला आली. आपला मुलगा डॉंटलेस याचे लग्न होईपर्यंत राज्यात कोणीही लग्न करू नये, असा तिचा हुकूम आहे, आणि त्याचे लग्न होऊ नये म्हणून येणाऱ्या प्रत्येक राजकन्येला ती अशक्य परीक्षा घालते. राजा सेक्स्टिमस शापामुळे मुका झालेला आहे. उंदराने ससाण्याला गिळले तरच त्याला वाचा फुटणार आहे. दरबारातील लेडी लार्कन हिला सर हॅरीपासून दिवस गेले आहेत, त्यामुळे राजपुत्राचे लग्न लवकर होणे ही तिची निकड आहे. म्हणून सर हॅरी दूरच्या दलदलीच्या प्रदेशात जातो आणि तिथून राजकन्या विनिफ्रेडला घेऊन येतो. दार उघडण्याची वाट न पाहता किल्ल्याचा खंदक पोहून आलेली, आडदांड, मोठ्या आवाजाची ही मुलगी डॉंटलेसला पाहताक्षणी आवडते आणि राणीच्या पोटात गोळा येतो.

या नाटकाची सुरुवात पेनसिल्व्हेनियातील पोकोनो डोंगरांमधल्या टॅमिमेंट या सुट्टीच्या ठिकाणी, १९५८ च्या उन्हाळ्यात झाली. तिथे येणाऱ्या पाहुण्यांसाठी एक कायमचा नटसंच असे आणि त्या संचातल्या कलावंतांना साजतील अशा भूमिका लिहून छोटी नाटुकली बसवली जात. संगीत मेरी रॉजर्स यांचे आणि गीते मार्शल बेरर यांची होती. संहिता बेरर यांनी जे थॉम्पसन व डीन फुलर यांच्यासह लिहिली. मेरी या ख्यातनाम संगीतकार रिचर्ड रॉजर्स यांच्या कन्या. त्या काळात ब्रॉडवेवर स्त्री संगीतकार फारच दुर्मीळ होत्या, हे लक्षात घेतले की या नाटकाचे मोल आणखी वाढते. ज्येष्ठ दिग्दर्शक जॉर्ज ॲबट यांनी ते पूर्ण लांबीचे करून ११ मे १९५९ रोजी न्यूयॉर्कच्या फीनिक्स थिएटरमध्ये आणले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ते ब्रॉडवेवरील ॲल्विन थिएटरमध्ये गेले आणि एकूण ४६० प्रयोग झाले. विनिफ्रेडच्या भूमिकेतील कॅरल बर्नेट तेव्हा २६ वर्षांच्या होत्या.

प्रश्न : एकदा दूरचित्रवाणीवर आलेले नाटक आठच वर्षांनी पुन्हा, त्याच नायिकेला घेऊन करण्याचे कारण काय असावे? जुनेच पुन्हा दाखवता आले नसते का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : पहिले रूपांतर सी.बी.एस. वाहिनीवर ३ जून १९६४ रोजी दाखवले गेले आणि ते कृष्णधवल होते. दुसरे त्याच वाहिनीवर १२ डिसेंबर १९७२ रोजी आले आणि ते रंगीत होते. आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर या दोन वाक्यांत आहे. १९६०च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेतील मोठ्या वाहिन्यांचे रात्रीचे कार्यक्रम झपाट्याने रंगीत झाले आणि त्यानंतर कृष्णधवल कार्यक्रम मुख्य वेळेत पुन्हा दाखवणे वाहिन्यांना परवडेनासे झाले. परीकथेच्या नाटकाला तर रंगाची ओढ अधिकच.

उरलेले अर्धे उत्तर कॅरल बर्नेट यांच्या कारकिर्दीत आहे. १९६४ साली त्या नावारूपाला आलेल्या विनोदी अभिनेत्री होत्या. १९७२ साली त्यांच्या स्वतःच्या नावाचा साप्ताहिक कार्यक्रम सुरू होऊन पाच वर्षे झाली होती आणि अमेरिकेत घरोघरी त्यांचा चेहरा ओळखीचा होता. त्या कार्यक्रमाच्या सुरुवातीला त्या सभागृहातील दिवे लावायला सांगून प्रेक्षकांच्या प्रश्नांना तिथल्या तिथे उत्तरे देत असत. प्रेक्षकांशी असे थेट नाते असलेल्या अभिनेत्रीची सर्वांत गाजलेली रंगभूमीवरची भूमिका वाहिनीला रंगीत स्वरूपात हवी असणे स्वाभाविक होते. त्या कार्यक्रमाचे दिग्दर्शक डेव्ह पॉवर्स यांनीच नृत्यदिग्दर्शक रॉन फील्ड यांच्यासह १९७२ च्या रूपांतराचे दिग्दर्शन केले आणि त्या कार्यक्रमातील सहकारी लाइल वॅगनर यांनीही त्यात छोटी भूमिका केली.

ध्वनिचित्रफितीचाही येथे विचार केला पाहिजे. १९५६ साली चित्रफितीचे यंत्र वाहिन्यांच्या हाती येण्यापूर्वी अशी रूपांतरे थेट प्रक्षेपित होत आणि चित्रनळीच्या पडद्यासमोर चित्रपटाचा कॅमेरा ठेवून त्यांची धूसर प्रत काढली जाई. ३१ मार्च १९५७ रोजी याच वाहिनीने मेरी यांच्या वडिलांचे आणि ऑस्कर हॅमरस्टाइन यांचे ‘सिंड्रेला’ हे खास दूरचित्रवाणीसाठी लिहिलेले संगीत नाटक थेट आणि रंगीत दाखवले. १० कोटींहून अधिक लोकांनी ते पाहिले असे मानले जाते, परंतु त्याची आज जी प्रत आहे ती कृष्णधवल आहे. त्या मानाने ‘मॅट्रेस’ नशीबवान ठरले, कारण १९६४ पर्यंत चित्रफीत रुळली होती. रंगभूमीवरची विनिफ्रेड कशी होती, हे आज केवळ ध्वनिमुद्रिकेवरून किंवा छायाचित्रांवरून अंदाजाने सांगावे लागत नाही. मूळ संचातील चार प्रमुख कलावंत, म्हणजे बर्नेट, डॉंटलेसच्या भूमिकेतील जो बोव्हा, राजाच्या भूमिकेतील जॅक गिलफर्ड आणि राणीच्या भूमिकेतील जेन व्हाइट, या फितीवर आपापल्या जागी आहेत, आणि दिग्दर्शनात सहभागी असलेले जो लेटन हेच रंगमंचावरील प्रयोगाचेही नृत्यदिग्दर्शक होते.

जाता जाता एक नोंद. दुसरे रूपांतर दाखवले गेले तेव्हा मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू होऊन अवघे दोन-सव्वादोन महिने झाले होते आणि आपल्याकडे रंग यायला आणखी दहा वर्षे लागायची होती.

प्रश्न : मी नाट्यशास्त्राचा विद्यार्थी आहे. अडीच तासांच्या आसपासचे नाटक जाहिरातींसह दीड तासात बसवताना नेमके काय जाते आणि काय राहते? शिवाय कॅमेऱ्यामुळे अभिनयात काय बदलते, हे एखाद्या प्रवेशाच्या आधारे समजून घ्यायला आवडेल. (एक विद्यार्थी, पुणे)

उत्तर : प्रथम जाते ते उपकथानक. या नाटकात राणी, राजपुत्र आणि विनिफ्रेड यांच्या मुख्य धाग्याभोवती लार्कन-हॅरीचे प्रेम, भाट आणि विदूषक यांची दोस्ती, राणीला साथ देणारा जादूगार असे बरेच धागे आहेत. रंगमंचावर ते हवेसे वाटतात, कारण मुख्य पात्रांना श्वास घ्यायला आणि नेपथ्य बदलायला त्यांच्यामुळे सवड मिळते. दूरचित्रवाणीला ती सवड जाहिरात देते. त्यामुळे विदूषकाच्या आठवणींचे सुंदर गाणे, भाटाचे प्रवेश यांवर कात्री चालणे क्रमप्राप्तच होते. १९७२ च्या रूपांतरात भाट पूर्णपणे काढून टाकण्यात आला आणि नाटकाच्या आरंभी तो जे कथन गातो ते बर्नेट यांच्या तोंडी देण्यात आले. माझ्या मते हा बदल दिसतो त्यापेक्षा महागात पडला. आरंभीच्या त्या गाण्यात भाट जुनी, सर्वांना पाठ असलेली गोष्ट सांगतो आणि नंतर सबंध नाटकभर खरी हकीकत त्याहून वेगळी होती हे आपल्याला दिसत जाते. ती गोष्ट ज्याच्या तोंडून ऐकायची तो त्या दरबारातला, सगळे डोळ्यांनी पाहिलेला माणूस आहे, यातच मौज आहे. नायिकेनेच ती सांगितली की कथा आणि हकीकत यांतले अंतर पुसट होते.

लार्कनच्या गरोदरपणाचा धागा वेगळ्या कारणाने नाजूक होता. याच वाहिनीवर १९५२-५३ मध्ये ‘आय लव्ह ल्यूसी’ या मालिकेची नायिका प्रत्यक्षात आणि कथेतही गरोदर असताना ‘गरोदर’ हा शब्द मात्र उच्चारू दिला गेला नव्हता. लग्नाआधी दिवस गेलेली दरबारी स्त्री कुटुंबासह पाहायच्या कार्यक्रमात आणणे किती अवघड होते, हे यावरून ध्यानात यावे. तरीही कथेला घाई हवी असेल तर हा धागा तोडता येत नाही. राजपुत्राचे लग्न कधी ना कधी झाले तरी चालेल अशी परिस्थिती असती, तर सर हॅरी त्या दलदलीपर्यंत गेलाच नसता. संक्षेप करणाऱ्याने हे पाहावे लागते. प्रवेश किती मजेदार आहे याआधी त्याच्यावर पुढचे किती प्रवेश टेकलेले आहेत, हे मोजावे लागते.

आता अभिनयाकडे वळू. आपण एखादा प्रवेश मागितला आहे. मी दोन घेतो, कारण कॅमेरा एकाला पोषक ठरतो आणि दुसऱ्याला अडचणीचा.

पहिला प्रवेश विनिफ्रेडचा. दरबार नटूनथटून उभा आहे, नाजूक राजकन्येची वाट पाहतो आहे, आणि तटावरून एक चिंब भिजलेली मुलगी आत येते. कपड्यांतून पाणी निथळते आहे. तिचे पहिले गाणे ती किती लाजाळू आहे हे सांगण्यासाठी आहे, आणि हे लाजाळूपण ती अशा खणखणीत, दीर्घ सुरात जाहीर करते की समोर उभे असलेले सरदार दचकून मागे सरकावेत. हा विनोद अंतरावर आधारलेला आहे. एकीकडे थक्क झालेला सगळा दरबार, दुसरीकडे एकटी ती, आणि मधली रिकामी जागा तिच्या आवाजाने भरून जाणे, हे तिन्ही एकदम दिसावे लागते. नाट्यगृहात प्रेक्षकाची नजर आपोआप तिथून इथे फिरते. पडद्यावर मात्र कॅमेऱ्याने तिचा चेहरा जवळून दाखवला की दरबार दिसेनासा होतो, आणि दरबार दाखवला की ती बाहुलीएवढी होते. १९६४ च्या फितीत याला तोड म्हणून कॅमेरा बराच वेळ मोकळा, दूरचा ठेवला आहे आणि बर्नेट यांनी हातापायांचा अभिनय रंगमंचावर असावा तेवढाच मोठा ठेवला आहे. मला हा निर्णय योग्य वाटतो. जी मुलगी खंदक पोहून येते तिचा विनोद अंगभर असायला हवा, तो भुवयांत मावणारा नाही.

दुसरा प्रवेश मुक्या राजाचा. लग्नाच्या वयाच्या मुलाला बापाने चार गोष्टी समजावून सांगायच्या आहेत. राजा मुका असल्यामुळे त्या हातवाऱ्यांनी सांगतो, आणि भाबडा डॉंटलेस प्रत्येक खूण शब्दांत मांडत गातो. येथे जॅक गिलफर्ड यांचा चेहरा हेच सर्वस्व आहे. ते मूकाभिनयाचे जुने उस्ताद होते. वाटाण्याचे सूप हळूहळू उकळी येऊन खदखदू लागते हे केवळ चेहऱ्याने दाखवण्याची त्यांची करामत प्रसिद्ध होती. नाट्यगृहात मागच्या रांगेतल्या प्रेक्षकाला त्यांच्या हातांच्या खुणा दिसत असतील, पण ओठांच्या कोपऱ्यात उमटून गेलेला संकोच दिसला नसणार. कॅमेऱ्याने तो घराघरांत नेला. आपल्या मुलाशी असे काही बोलण्याची राजावर आयुष्यात प्रथमच वेळ आली आहे, त्यात त्याला लाजही वाटते आणि अभिमानही, हे सारे संवादाशिवाय कळते. या प्रवेशापुरते बोलायचे तर दूरचित्रवाणीने रंगभूमीवर मात केली आहे, असे मी निःसंकोच म्हणेन.

याच्या पाठीमागे एक कटू इतिहास आहे. १९५०च्या दशकातील साम्यवादविरोधी चौकशांच्या काळात गिलफर्ड यांचे नाव काळ्या यादीत गेले होते, १९५६ मध्ये त्यांना प्रतिनिधिगृहाच्या चौकशी समितीपुढे बोलावण्यात आले, आणि चित्रपट व दूरचित्रवाणीची दारे त्यांना जवळजवळ बंद होती. रंगभूमीने त्यांना काम दिले. सर्व काही पाहणारा, समजणारा, पण तोंड उघडू न शकणारा राजा या अभिनेत्याने वठवावा आणि त्याच भूमिकेत तो पुन्हा लक्षावधी घरांत पोहोचावा, हे मला नाटकातल्या शापमुक्तीइतकेच समाधान देणारे वाटते.

गाद्यांच्या प्रवेशाबद्दल थोडेच सांगतो. त्या काळातील पडद्याची चौकट जवळजवळ चौरस होती, त्यामुळे वीस गाद्यांची उंच चळत आणि तिच्या माथ्यावरची विनिफ्रेड त्यात व्यवस्थित मावते. कूस बदलणे, उशीशी झटापट, मेंढ्या मोजणे, हा सारा भाग बर्नेट जवळजवळ एकट्याच्या बळावर पेलतात. सकाळी ती दरबारात येते तेव्हाही मेंढ्या मोजतेच आहे. अडचण येते ती राजकन्येला दमवण्यासाठी राणीने योजलेल्या सामूहिक नृत्यात. पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या लहानशा पडद्यावर सगळा नर्तकवृंद दाखवला की चेहरे हरवतात आणि चेहरे दाखवले की नृत्याची रचना हरवते. त्यावर कोणत्याही रूपांतराला पुरते उत्तर सापडलेले नाही.

प्रश्न : राणीचे काम करणाऱ्या जेन व्हाइट यांच्याविषयी अधिक माहिती द्यावी. (एक वाचिका, अमरावती)

उत्तर : जेन व्हाइट या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ‘नॅशनल असोसिएशन फॉर द ॲडव्हान्समेंट ऑफ कलर्ड पीपल’ या संघटनेचे दीर्घकाळ नेतृत्व करणारे वॉल्टर व्हाइट यांच्या कन्या. त्यांची राणी बोलते फार, ऐकत कोणाचेच नाही, आणि मुलाला जवळ घेताना देखील त्याला बजावल्यासारखी जवळ घेते. १९६४ चे रूपांतर दाखवल्यानंतर महिन्याभरातच, २ जुलैला, अमेरिकेत नागरी हक्क कायद्यावर स्वाक्षरी झाली. आफ्रिकन-अमेरिकन अभिनेत्रीने एका परीकथेतील राणी संपूर्ण देशाच्या दूरचित्रवाणीवर, मुख्य वेळेत, अशा तोऱ्यात उभी करणे तेव्हा सर्रास घडत नव्हते. १९७२ मध्येही ही भूमिका त्यांच्याकडेच राहिली.

प्रश्न : माझ्या मुलांनी २००५ चे रूपांतर पाहिले आणि त्यांना ते आवडले. त्यानंतर मी त्यांना १९६४ चे दाखवायला घेतले, तर त्यातील प्रेक्षकांच्या हसण्याचा त्यांना त्रास झाला. तिन्हींत आपल्याला सरस कोणते वाटते? (एक वाचिका, ठाणे)

उत्तर : मला १९६४ चे सरस वाटते, आणि त्याचे कारण नेमके तेच आहे ज्याचा आपल्या मुलांना त्रास झाला.

१९६४ चे चित्रण प्रत्यक्ष प्रेक्षकांसमोर झाले. फितीवर ऐकू येणारे हसणे हे समोर बसलेल्या माणसांचे आहे. मालिकांमध्ये नंतर चिकटवल्या जाणाऱ्या हशामुळे आज आपले कान इतके विटले आहेत की खरा हशाही खोटा वाटू लागतो, त्यात मुलांचा दोष नाही. पण त्यांना एकदा असे सुचवून पाहावे : हसण्याकडे लक्ष देऊ नका, हसणे चालू असताना नट काय करतात ते पाहा. बर्नेट एक वाक्य टाकतात, हशा येतो, त्या थांबतात. पण थांबताना चेहऱ्यावर काहीतरी चालू ठेवतात, आणि हशा ओसरायच्या किंचित आधी पुढचे वाक्य उचलतात. आधी उचलले तर वाक्य बुडते, उशिरा उचलले तर प्रयोग बसतो. आपल्याकडे ज्यांनी उत्तम विनोदी नटांचे प्रयोग पाहिले आहेत त्यांना ही जागा बरोबर कळेल. हे नाटक अशा जागांनी विणलेले आहे. जॉर्ज ॲबट यांच्यासारख्या, वेगासाठी नावाजलेल्या दिग्दर्शकाने प्रत्यक्ष प्रेक्षकांपुढे ते घासूनपुसून घेतलेले होते.

१८ डिसेंबर २००५ रोजी ए.बी.सी. वाहिनीवर डिस्नीच्या ‘वंडरफुल वर्ल्ड’ मालिकेत आलेले रूपांतर चित्रपटासारखे, प्रेक्षकांविना चित्रित झाले. दिग्दर्शन आणि नृत्यदिग्दर्शन कॅथलीन मार्शल यांचे. रंग, वेशभूषा, नृत्ये डोळ्यांना सुखावणारी आहेत आणि त्यातील गाणी मनापासून गायलेली आहेत. मात्र मूळ संहितेतले अनेक विनोद हशाची जागा ठेवूनच लिहिलेले आहेत. समोर कोणी हसणारे नसले की त्या जागा एकतर रिकाम्या राहतात किंवा संकलनात कापल्या जातात, आणि दोन्ही प्रकारांत विनोदाची धार कमी होते. २०१३ पासून अमेरिकी वाहिन्यांनी संगीत नाटके थेट दाखवण्याची प्रथा पुन्हा सुरू केली, तेव्हाही हाच अनुभव आला : सुरुवातीची नाटके प्रेक्षकांविना झाली आणि गाण्यानंतरची शांतता अवघड वाटू लागली, जानेवारी २०१६ मध्ये ‘ग्रीस’ प्रेक्षकांसह झाले आणि त्यात एकदम प्राण आला. मराठी नाटकांचे चित्रण करणाऱ्यांनीही रिकाम्या नाट्यगृहात कॅमेरे लावण्यापूर्वी याचा विचार करावा, असे मला कळकळीने वाटते.

असे असले तरी २००५ च्या रूपांतरात एक गोष्ट अशी आहे की ती मी कशावरही ओवाळून टाकणार नाही. त्यात विनिफ्रेड ट्रेसी उलमन यांनी केली आणि राणी ॲग्रव्हेन केली ती ७२ वर्षांच्या कॅरल बर्नेट यांनी. पहिल्या प्रयोगानंतर ४६ वर्षांनी राजकन्या सासूच्या जागी आली. राणीसाठी त्यात एक नवे गाणेही घालण्यात आले. जेन व्हाइट यांची राणी सत्तेवर प्रेम करणारी होती. बर्नेट यांची राणी मुलावर प्रेम करते, पण ते प्रेम असे की त्याला मोकळा श्वास घेता येत नाही. उलमन यांची विनिफ्रेड हुशार आणि चटपटीत आहे. आपण विनोद करीत आहोत याची तिला थोडी जास्त जाणीव आहे, एवढीच माझी तक्रार. दोघी समोरासमोर येतात तेव्हा या मुलीला आपण आतून बाहेरून ओळखतो अशा नजरेने राणी तिच्याकडे पाहते, आणि त्या ओळखीमुळे तिचा विरोध अधिक कडवा होतो. ज्या प्रेक्षकांनी १९६४ किंवा १९७२ ची विनिफ्रेड पाहिली आहे त्यांना या नजरेत जे दिसेल ते इतरांना दिसणार नाही, म्हणून मुलांना जुने रूपांतर दाखवून झाल्यावर २००५ चे पुन्हा एकदा दाखवावे.

प्रश्न : आपल्या संगीत नाटकात पद रंगले की ‘वन्स मोअर’ मिळतो. ब्रॉडवेच्या नाटकात तसे का होत नाही? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : आपल्या रंगभूमीवर पद हे गायकनटाच्या हातात असते. ऑर्गन आणि तबल्याच्या साथीने तो ते खुलवतो, आलाप-ताना घेतो, आणि श्रोत्यांची दाद मिळाली तर पुन्हा गातो. ब्रॉडवेवर संपूर्ण वाद्यवृंदासाठी प्रत्येक सूर लिहिलेला असतो, गाण्यातच संवाद, हालचाली आणि प्रकाशयोजनेचे बदल गुंफलेले असतात, आणि गाणे संपते तेव्हा कथा एक पाऊल पुढे गेलेली असते. विनिफ्रेडचे पहिले गाणे संपेपर्यंत डॉंटलेस तिच्या प्रेमात पडलेला असतो. ते पुन्हा गायचे म्हटले तर त्याला पुन्हा प्रेमात पडावे लागेल. दूरचित्रवाणीला ही बांधीव रचना सोयीची ठरली, कारण मिनिटांचा हिशेब आधीच पक्का करता येतो. आपली बैठकीच्या अंगाने जाणारी पदे दीड तासाच्या चौकटीत बसवणे त्या मानाने कितीतरी कठीण आहे.

प्रश्न : आमच्या मराठी मंडळातील तरुण मुलांना घेऊन हे नाटक मराठीत बसवावे अशी इच्छा आहे. काय काय लागेल? (एक वाचक, न्यू जर्सी)

उत्तर : सर्वांत आधी परवानगी. या नाटकाचे हौशी प्रयोगांचे हक्क ‘कॉन्कॉर्ड थिएट्रिकल्स’ या संस्थेमार्फत दिले जातात. प्रयोगाची परवानगी आणि भाषांतराची परवानगी या दोन वेगळ्या बाबी असतात, म्हणून मराठी संहितेला हात घालण्यापूर्वी दोन्हींविषयी लेखी विचारणा करावी. अमेरिकेतील शाळा-महाविद्यालयांत हे नाटक वर्षानुवर्षे होत आले आहे, त्यामुळे हौशी संचाला ते झेपेल का ही शंका बाळगू नये. मोठ्या समूहाला त्यात भरपूर काम आहे. व्यावसायिक रंगभूमीवर १९९६ मध्ये सारा जेसिका पार्कर आणि २०२४ मध्ये सटन फॉस्टर यांनी विनिफ्रेड केली, पण या दोन नटींच्या किंवा बर्नेट यांच्या लकबी उचलण्याच्या फंदात मुलीला पडू देऊ नये. तिचा आवाज माईकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचतो का आणि पडायला, घसरायला, भिजायला ती लाजते का, एवढे पाहून निवड करावी. राजाच्या भूमिकेसाठी मंडळातला सर्वांत बोलका माणूस घ्यावा, त्याला गप्प बसवल्यावर त्याचे हात आपोआप बोलू लागतील. गाद्यांची चळत मात्र खऱ्या गाद्यांची करू नये. आत पक्का लाकडी सांगाडा, बाहेरून रंगीबेरंगी खोळी, आणि मागच्या बाजूने भक्कम शिडी हवी. नायिकेला त्या चळतीच्या माथ्यावर लोळायचे, उड्या मारायच्या आणि गायचे आहे, त्यामुळे तालमीच्या पहिल्या आठवड्यापासूनच तिला तिथे चढवावे.